डावा लावला की चारी लागतात

तीर्थस्वरूप बलभीममामांच्या पायांवर भाचा उत्तरेश्वर याचं डोकं. पत्र वाचून झाल्यावर ते उचलायचं की तिथंच राहू द्यायचं, हे तुम्ही ठरवा.

डोळ्याची पट्टी निघाली का? मोतीबिंदू काढल्यावर पाणी लागू द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही आणि चिडायचं नाही, असं सांगतात म्हणे. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही पाळत असाल. तिसरीसाठी हे पत्र थोडं थोडं वाचून घ्या. मथुरामामी वाचून दाखवतील असं धरून लिहितोय, तुमच्या सूनबाईंकडं, म्हणजे वहिनींकडं, देऊ नका. वहिनींविषयी माझी काही तक्रार नाही, पण त्या तुमचा फोन स्पीकरवर टाकतात, आणि मागं मी तुम्हाला खासगीत सांगितलेली गोष्ट सोलापुरात त्यांच्या सोसायटीच्या वॉचमननं मलाच ऐकवली. म्हणून फोन न करता पत्र. (मामी, तुमची सवय मला ठाऊक आहे. पत्र हातात पडलं की तुम्ही आधी शेवट बघता, कुणी गेलं-बिलं नाही ना म्हणून. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत आणि सगळे माझ्यावर चिडलेले आहेत.)

इकडचं बाकी ठीक. म्हैस व्याली, रेडा झाला. ज्वारीची कणसं भरली. तुमच्या दारातला कढीपत्ता जोमात आहे. अक्षर वाकडं दिसत असेल, कारण उजव्या हाताची बोटं पट्टीत आहेत आणि हे डाव्या हातानं चाललंय. बोटं पट्टीत का, ते ओघात येईल. मी धाराशिवचं कॉलेज सोडून आलो त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता, की डोकं तापलं की बोलायचं नाही, लिहायचं. (प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, तुझ्या डोक्यात भरलंय काय. मी म्हणालो, तुमच्या डोक्यात नाही ते. तिथून सरळ स्टँडवर. कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही, एवढं आईला पुन्हा एकदा सांगा.) त्या सल्ल्याप्रमाणं लिहायला बसलोय. डोकं अजून गरम आहे, पण कागद शांत आहे.

आता मुद्दा. धनाजीकाकांच्या हर्षालीची सुपारी परवा फुटायची होती, ती फुटली नाही. ती मी मोडली आणि मुद्दाम मोडली, असं अख्खं गाव म्हणतंय. आई माझ्याशी बोलत नाही, ताट सरकवते फक्त. मी मोडलेली नाही. मोडली ती तुमच्या फियाटच्या डाव्या इंडिकेटरनं. कशी, ते नीट ऐका, कारण यातनं मला सोडवू शकणारा माणूस एकच आहे आणि त्याच्या डोळ्यावर पट्टी आहे.

तुम्ही सोलापूरला जाताना किल्ली देऊन सांगितलं होतं, की दर रविवारी चालू करायची, गावातनं एक चक्कर मारायची, बाकी हात लावायचा नाही. चालू केली. चक्कर मारली. हात लागला. त्याचं असं झालं, की एका रविवारी दिवेलागणीला मी वेशीतनं येत होतो आणि हर्षाली नळदुर्गहून स्कूटीवर मागनं आली, ती डिकीला धडकता धडकता राहिली. चूक तिची होती. मी तावातावानं उतरलो. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मागं दिवे हायेत का पणत्या लावल्यात?" (मामी, पुढचं वाक्य मनात वाचा. ती चिडली की तिची एकच भुवई वर जाते आणि मग मला काय बोलायचं होतं ते आठवत नाही.) मी खाली बसून बघितलं. तिचं खरं होतं. तुमच्या गाडीचे मागचे दिवे आपण पेटलोय हे त्यांना स्वतःलाच माहीत असावं. पुढच्या दिव्यांत समोरचा बैल दिसायचा, पण शिंगं अंदाजानं. त्याच रात्री मोबाईलवरनं एलईडी बल्बांचा पुडा मागवला. तुमचा जीव वाचावा हा हेतू होता. भुवईचा त्याच्याशी संबंध होता, पण थोडा.

बसवायला गाडी नळदुर्गला गुरुसिद्धप्पाकडं नेली. हायवेला ढाब्याशेजारी त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माणूस हुशार आहे, फक्त त्याला स्वतःविषयी कधी शंका येत नाही. ट्रकवाले त्याला मानतात, कारण ते दुरुस्ती करून पुढं हैदराबादला निघून जातात आणि तक्रार करायला परत येत नाहीत. मी गावातला, मला परत जावं लागलं, आणि एकदा नाही. पहिल्यांदा मागच्या लाल काचेमागं त्यानं पांढरे बल्ब टाकले, तर उजेड गुलाबी आला. गावात शिरलो तर पारावरचे विचारायला लागले, की फियाटला कुणी मागणं घातलंय का. मग लाल काचेमागं लाल, पिवळीमागं पिवळा असं केलं. मागच्या बल्बात दोन दिवे असतात, एक रात्रीचा मंद, एक ब्रेकचा भडक. होल्डरमध्ये तो एकाच बाजूनं बसतो. बसेना, म्हणून गुरुसिद्धप्पानं त्याची एक खुंटी कानशीनं घासली आणि उलटा बसवला. त्यामुळं रात्री दिवे लावले की गाडी कायम ब्रेक मारल्यासारखी भगभगायची आणि दिवसा खरंच ब्रेक मारला की टिकलीएवढं लाल दिसायचं. एसटीचा एक ड्रायव्हर खिडकीतनं मला जे बोलला ते मामींना वाचायला लावणं बरं नाही. पुढचे दिवे लख्ख पडले, पण लिंबाच्या शेंड्यावर. कावळे उठले. ते खाली आणायला मारुतीच्या देवळाची भिंत समोर धरून अख्खी संध्याकाळ गेली.

मग इंडिकेटर. नवे बल्ब टाकल्यावर ते पिसाळल्यागत उघडझाप करत लवायला लागले. गुरुसिद्धप्पा म्हणाला, जुना बल्ब म्हणजे खादाड पाहुणा, पोटभर करंट खातो. एलईडीचा कायम उपवास. तुमच्या गाडीतला तो टिकटिक करणारा डबा खाणारं कुणी नाही बघून घाबरतो आणि बल्ब उडालाय असं समजून घाई करतो. डबा बदलला. नवा आवाज करत नाही. तुमची टिकटिक गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. (तुम्ही वळून झाल्यावरही फर्लांगभर ती ऐकत गाडी चालवायचात.)

आणि इथं खरी गोम आहे, मामा. इंडिकेटर तपासायची आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. एक जण आत बसतो, एक मागं उभा राहतो. मी डावा लावला. गुरुसिद्धप्पा मागं डावीकडं उभा राहून म्हणाला, "लागला." मी उजवा लावला. तो चालत उजवीकडं गेला आणि म्हणाला, "लागला." दोन्ही खरं. फक्त डावा लागला तेव्हा उजवीकडं कुणी बघितलं नाही आणि उजवा लागला तेव्हा डावीकडं. सगळं जग असंच तपासतं. दोष द्यायचा तर डोळे एकाच बाजूला असण्याला द्या.

गाडी अशी झकास होऊन दारात उभी राहिली आणि धनाजीकाका आले. मला वाटलं, गाडीचं कौतुक करायला आले. ते म्हणाले, "उत्तऱ्या, आपल्या हर्षूची सुपारी हाय. पोरगं लातूरला नोकरीला हाय. फियाट पाहिजे, आन् चालवायला तूच." गावची रीत तुम्हीच पाडलेली आहे, की जावई म्हणून येणारा माणूस पहिल्यांदा गावात शिरतो तो बलभीमरावांच्या फियाटमधनं, आधी मारुतीपुढं नारळ, मग मुलीचं घर. त्या गाडीतनं आलेला एकही जावई आजवर परत गेला नाही म्हणतात. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण नाही का म्हणतोस असं त्यांनी विचारलं असतं, तर काय सांगायचं? हर्षालीला मी अजून काहीच बोललेलो नव्हतो. तिच्या बापाला आधी सांगणं रीतीला धरून झालं नसतं. मी मान डोलवली आणि घरी जाऊन कडब्याच्या पेंढ्या विनाकारण इकडच्या तिकडं रचल्या.

परवा तुळजापूरकडनं पाहुणे आले. नवरदेव रणधीर, त्याचे चुलते आण्णासाहेब, क्रूझरमध्ये पुरुष, टेम्पोत बायका आणि गाठोडी. नळदुर्गच्या ढाब्यावर चहा झाला आणि रणधीर माझ्या फियाटमध्ये येऊन बसला. (तुमच्या. लिहिताना हात चुकला.) दिवस मावळतीला आला होता. मी पुढं, मागं क्रूझर, तिच्यामागं टेम्पो. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. चांगला निघाला. बोलायला गोड, गाडीचं कौतुक करतोय, काच कशी खाली घ्यायची विचारतोय. मी हूं-हूं करत होतो. मग म्हणाला, "हर्षालीला काय आवडतं हो? तुम्हाला म्हाईत असंल की. एका गावचे म्हणल्यावर तुम्ही तिचे भाऊच." मामा, मला राग येतो हे जगाला माहीत आहे. तो मी तिथं गिळला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि सांगितलं, तिला खारे शेंगदाणे आवडतात. खरंच आवडतात.

आपला फाटा आला. मी वेग कमी केला, नियमानं बराच आधी डावा इंडिकेटर लावला. समोर डॅशबोर्डवरचा तुमचा हिरवा दिवा लवत होता, जरा मंद, पण लवत होता. मला काय कळणार, की बाहेर डावा आणि उजवा, पुढं आणि मागं, चारी दिवे एकदम लवतायत. आता आपल्याकडं चारी लवले की त्याचा अर्थ एकच. पुस्तकात काय लिहिलंय ते पुस्तकात. आपल्या भागात चारी म्हणजे गडी सरळ चाललाय, घाई असंल तर पुढं व्हा. क्रूझरच्या ड्रायव्हरनं तेच केलं. तो तर सौजन्यानं हॉर्न वाजवून गेला. टेम्पो त्याच्यामागं. मीही तेच केलं असतं, तुम्हीही. माझं डोकं त्या भाऊवर अडकलेलं, शेजारनं कोण पुढं गेलं ते मी बघितलंच नाही आणि डावीकडं वळलो. आरशात लांबनं एका ट्रकचे दिवे दिसत होते. मी समजलो, पाहुणे मागं लघवीला थांबले असतील. पाहुणे सुसाट सरळ गेले होते, आणि फियाट मागनं येतेय अशा समजुतीनं, त्याच ट्रकच्या दिव्यांवर भरवसा ठेवून जात राहिले.

इकडं मारुतीपुढं हलगी, सगळं गाव, गुरुजी घड्याळ बघतायत आणि नवरदेव एकटा. त्याला देवळात नेलं, हातात नारळ दिला. मी गाडीत येऊन बसलो. आतनं त्याला कुणीतरी टोपी घातलेली दिसली. मग मघाशी गिळलेलं ते भाऊ वर आलं आणि मी डॅशबोर्डवर एक ठोसा मारला. एकच. काच फुटली आणि बोटंही. तो छोटा हिरवा दिवा विझला. तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान एवढंच. ठोसा मारायला नको होता हे मान्य, पण दुसरीकडं मारला असता तर माणूस होता.

तेवढ्यात आण्णासाहेबांचा फोन. ते म्हणाले, आम्ही मारुतीपाशी पोचलो, तुम्ही कुठायत. धनाजीकाका म्हणाले, आम्हीबी मारुतीपाशीच हाय. आण्णासाहेब म्हणाले, मग दिसत कसं न्हाय. धनाजीकाकांनी फोन कानाला लावून देवळाला एक फेरी मारली. तिकडं आण्णासाहेबांनीही मारली असणार. मारुती कुठल्या गावाला नसतो? पाहुणे येणेगूरच्या अलीकडं रस्त्याकडंला मांडव आणि दिव्यांच्या माळा बघून आत शिरले होते. तिथं कुणाच्या तरी पोराचं जावळ होतं. घरवाल्यांनी पाव्हणे म्हणून हात धुवायला पाणी दिलं, बायकांना कुंकू लावलं, पंगतीत बसवलं. आण्णासाहेबांना तर आहेराची टोपीही मिळाली. मुलीला बाहेर आणा असं त्यांनी म्हटल्यावर तिथले लोक टकल्या पोराकडं बघायला लागले, तेव्हा घोटाळा कळला.

ते परत येईपर्यंत मुहूर्त टळला होता आणि गुरुजी दुसऱ्या गावी गेले होते. आण्णासाहेब उतरले ते थेट माझ्याकडं. चारी दिवे लावून आम्हाला पुढं काढलंस आन् गपचूप आत वळलास, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, मी डावाच लावला होता. ते म्हणाले, चारी होते, क्रूझरभर माणसांनी बघितलं. मी म्हणालो, या, दाखवतो. सगळं गाव गाडीमागं उभं केलं, आत बसलो आणि डावा लावला. डावाच लागला. उजवा लावला. उजवाच लागला. तपासणी इतकी चोख आजवर झाली नव्हती. "बघितलं का," मी म्हणालो. "बघितलं की," आण्णासाहेब म्हणाले, "गाडी झ्याक हाय. म्हंजी चारी तूच लावलेस." तेव्हा मला कळलं, की मी माझ्याच विरुद्ध साक्ष दिली. त्यातच पारावरनं कुणीतरी बोललं, की हे पोरगं दोन वर्षं हर्षूच्या स्कूटीमागं बघत असतंय. हे गावाला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. मग मात्र डोकं सुटलं. मी म्हणालो, "मला मुद्दामच करायचं असतं तर तुमाला हैदराबादला पोचवलं असतं, येणेगूरला कशाला सोडीन?" हे वाक्य बोलायला नको होतं. पाहुणे नवरदेवाला घेऊन, सुपारी न फोडता गेले. जाताना रणधीर तेवढा मला म्हणाला, हाताला हळद लावा.

काल गुरुसिद्धप्पाकडं गेलो. त्यानं आधी मला, मग गाडीला, मग बल्ब करणाऱ्यांना दोष दिला. शेवटी डॅशबोर्डमध्ये नवा हिरवा बल्ब बसवून डावा लावला, तर चारी. बल्ब काढला, तर फक्त डावा. पुन्हा घातला, चारी. तेव्हा कळलं. तुमच्या गाडीत डाव्या-उजव्याला मिळून तो एकच हिरवा दिवा आहे आणि त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या वायरीला आहे. डाव्याचा थोडा करंट त्याच्यातनं उजवीकडं झिरपतो. जुने खादाड बल्ब एवढ्याशा करंटला दाद द्यायचे नाहीत. एलईडी नुसत्या वासावर पेटतो. मी ठोसा मारून हिरवा दिवा फोडला तेव्हाच गाडी दुरुस्त झाली, आणि दुरुस्त झालेली गाडी मी गावाला दाखवली. गुरुसिद्धप्पा हे सगळं आधीच ओळखून असल्याचं आता ढाब्यावर सांगतो.

म्हणजे मी निर्दोष आहे आणि पुरावा गाडीत बसवलेला आहे. पण माझं कुणी ऐकत नाही आणि गुरुसिद्धप्पाचं कुणी ऐकू नये अशीच त्याची ख्याती आहे. आण्णासाहेबांनी मात्र आज निरोप पाठवला, की बलभीमराव स्वतः म्हणाले गाडीची खोट होती, तर आम्ही मनात काही ठेवत नाही, येत्या रविवारी येऊन सुपारी फोडतो. तुमचा शब्द इथं चालतो हे तुम्हाला माहीत आहे. धनाजीकाका उद्या तुम्हाला फोन करतील. तेवढं सांगा, की माझ्या गाडीत डावा लावला की चारी लागू शकतात. तुम्हाला ते जड जाणार, हे मला कळतं. घाटात पाणी उकळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, गाडीत खोट नाही, घाटच चढाचा आहे. ग्रामपंचायतीच्या बोर्डाला धडकली तेव्हाही म्हणालात, गाडीत खोट नाही, बोर्डच पुढं आलाय. पण भाच्याच्या अब्रूसाठी एकदा म्हणा, की खोट आहे. मामींना नमस्कार. डोळ्याला जपा.

तुमचा निर्दोष भाचा,
उत्तरेश्वर

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढलं. कारण मघाशी हर्षाली आली होती. हातात वाटी, कढीपत्ता न्यायला. तुमच्या कढीपत्त्याचा एवढा उपयोग आजवर झाला नसेल. फियाटजवळ उभी राहिली आणि डहाळीकडं बघतच म्हणाली, "मुद्दाम केलंस का?" मी सगळं सांगितलं, खादाड पाहुणे, उपवास, हिरवा दिवा, एकूण एक. तिची भुवई वर गेली. म्हणाली, "म्हंजी बल्बनं केलं. मग बल्बशीच बोलत बसते मी, तुझ्याकडं कशाला आले?" मला काही कळेना. मग तिनं समजावलं, अडाण्याला समजावतात तसं. बल्बची चूक असेल तर बल्ब बदलतो आणि रविवारी तीच माणसं परत येतात. माणसाची चूक असेल तर येत नाहीत. सुपारी फुटली की तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष सुटलं, कारण लग्न होऊन लातूरला जायची तारीख परीक्षेच्या आधीची आहे. बापाला सांगून झालंय. तो म्हणतो, पेपर काय, पुन्हा येतात, स्थळ येत नाही. मी म्हणालो, पण मुद्दाम केलं म्हटलं तर तुझंही नाव निघेल. ती म्हणाली, "निघू दे. गाव चार दिवस बोलंल. पेपर मेपर्यंत हायेत."

ता. क. दुसरी. मी विचारलं, मग माझ्याविषयी काय? (मामी, हे मोठ्यानं वाचलं तरी चालेल.) ती म्हणाली, "तुझ्याशी करते असं म्या म्हणलंय का? तू कॉलेज सोडलंस, मी सोडणार न्हाय. आधी फॉर्म भर, सरांची माफी माग, मग शेंगदाणे घेऊन ये." शेंगदाण्याचं तिला कुणी सांगितलं? रणधीरनं जाताना सांगितलं म्हणे, तुमच्या गावच्या त्या ड्रायव्हरला तुमची आवड बरी ठाऊक आहे. माणूस खरंच वाईट नाही. फॉर्म भरायला सोमवारी धाराशिवला चाललोय. सरांशी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून नेणार आहे.

ता. क. तिसरी. वर सहीत निर्दोष लिहिलंय ते खोडायचं राहिलं, तुम्ही खोडून वाचा. गावात आजपासनं मी सांगतोय, की मुद्दाम केलं. आईनं आज ताटही सरकवलं नाही, मीच घेतलं. पत्र पुन्हा लिहायला वेळ नाही, सोलापूरची एसटी फाट्यावर यायची झाली आणि कंडक्टर ओळखीचा आहे. शिवाय इतकं लिहिलेलं फाडवत नाही. परीक्षेच्या पेपरात मी याच्या निम्मंसुद्धा कधी लिहिलं नाही. सोबत कापसात गुंडाळून तो हिरवा बल्ब पाठवतोय. तो इथं राहिला तर एखाद्या दिवशी माझं डोकं तापेल आणि मी लोकांना खरं करून दाखवीन. मामींनी तो देवघराच्या फळीवर ठेवावा. मे महिना उलटला की मी येऊन नेईन.

ता. क. शेवटची, फक्त मथुरामामींसाठी. तुम्ही सवयीप्रमाणं इथूनच सुरुवात केली असणार. तर इथंच थांबा. वरचं काही मामांना वाचून दाखवू नका. मामा खोटं बोलत नाहीत, त्यांना बोलायला लावायचंही नाही. त्यांना एवढंच सांगा, की गाव खुशाल आहे, म्हैस व्याली, आणि धनाजीकाकांचा फोन येणार आहे, तुमच्या गाडीत काही खोट आहे का असं विचारायला. पुढचं ते आपलं आपण बोलतील. फोन वहिनींना स्पीकरवर टाकू द्या.